बाळाची सर्दी छातीत उतरते तेव्हा

वाचकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरे

दिवाळी उलटली की या सदराकडे तान्ह्या बाळांच्या खोकल्याविषयीची आणि धापेविषयीची पत्रे वाढू लागतात. या वेळची बहुतेक पत्रे ब्राँकिओलायटिस या एकाच आजाराभोवती फिरणारी आहेत, म्हणून हे सदर संपूर्णपणे त्यालाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची मुलगी अडीच महिन्यांची आहे. ती पूर्ण दिवसांची जन्मली आणि जन्माच्या वेळी तिचे वजन २.९ किलो होते. मोठ्या मुलाने शाळेतून सर्दी आणली आणि पाठोपाठ तीही आजारी पडली. आज तिच्या सर्दीचा दुसरा दिवस आहे. छातीत घरघर आहे आणि दूध पिताना ती मध्येच थांबते. डॉक्टरांनी तपासून ‘ब्राँकिओलायटिस आहे, सध्या घरी ठेवा’ असे सांगितले. सासूबाईंचे म्हणणे असे की, तिची पसली चालली आहे, दवाखान्यात दाखल करा. घरी ठेवायचे ते कुठपर्यंत आणि आजार वाढल्याचे आम्हाला कसे कळावे?
एक आई, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : तुमच्या डॉक्टरांचे निदान आणि तुमच्या सासूबाईंची काळजी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर असू शकतात. ब्राँकिओलायटिस हा दोन वर्षांखालील, आणि त्यातही मुख्यतः पहिल्या सहा-सात महिन्यांतील बाळांना होणारा विषाणूजन्य आजार आहे. श्वासनलिकेच्या टोकाकडच्या अगदी बारीक शाखांना आतून सूज येते, तेथील पेशी झडतात, चिकट स्राव साठतो आणि हवेची वाट अरुंद होते. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तिच्यातून संथपणे वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा सोळापट होतो. ज्या विषाणूमुळे तुमच्या मोठ्या मुलाला केवळ नाक पुसण्याचा त्रास झाला, त्याच विषाणूने धाकटीला धाप लागते ती यामुळेच. तिच्या नलिका मुळातच अरुंद आहेत. हा विषाणू बहुतेक वेळा आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्शियल व्हायरस) असतो, पण ऱ्हायनोव्हायरस, मेटान्यूमोव्हायरस आणि फ्लूचे विषाणूही हाच आजार घडवतात. विषाणू कोणता, हे शोधल्याने घरातल्या निर्णयात सहसा फरक पडत नाही.

धोका किती आहे, हे कोणत्याही एका आकड्यावरून किंवा एका तपासणीवरून ठरत नाही. बाळ कोणते आहे, आजाराचा कितवा दिवस आहे आणि त्याचा श्वास व दूध कोणत्या दिशेने चालले आहेत, या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच आम्ही डॉक्टर अंदाज बांधतो, आणि तो अंदाजही दर काही तासांनी नव्याने बांधावा लागतो. तुमच्या मुलीचे वय तीन महिन्यांच्या आत आहे, एवढ्या एका गोष्टीमुळे ती जास्त जपण्याच्या गटात मोडते. बाकी तिचे दिवस पूर्ण भरलेले होते आणि वजनही चांगले होते, या जमेच्या बाजू आहेत. मात्र या आजारासाठी रुग्णालयात दाखल कराव्या लागणाऱ्या बाळांपैकी बहुतेक बाळे आधी पूर्ण निरोगी असलेली, नऊ महिने भरून जन्मलेलीच असतात. आमच्या बाळाला मुळात काही व्याधी नाही, म्हणून धोका नाही, असा हिशेब कृपया करू नका.

दिवसांचा हिशेब तर तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिले एक ते तीन दिवस नुसते नाक वाहते, मग खोकला आणि धाप सुरू होते, आणि साधारणपणे तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सर्वाधिक असतो. तुमची मुलगी दुसऱ्या दिवशी तपासली गेली आहे, म्हणजे चढण अजून पुढे आहे. ‘सध्या ठीक आहे’ हे डॉक्टरांचे उत्तर त्या घटकेपुरते खरे असते. पुढच्या तीन दिवसांना ते पुरत नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला दुसऱ्या दिवशी घरी पाठवताना ‘पुन्हा केव्हा दाखवायचे’ हे सांगितलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते सांगितले गेले नसेल, तर तुम्ही फोन करून विचारा आणि चोवीस तासांच्या आत मुलीला पुन्हा दाखवून आणा.

आता सासूबाईंनी जे पाहिले, ते तुम्हीही पाहा. बाळ शांत असताना, शक्य तर झोपेत, तिचे झबले वर करून छाती आणि पोट पूर्ण उघडे करा. दिवा लावा. सेकंदकाटा असलेले घड्याळ समोर ठेवा आणि पोट वर आले की एक, असे पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारख्या लयीत चालत नाही. काही श्वास भराभर येतात, मग क्षणभर थांबल्यासारखे वाटते. रडताना किंवा दूध पीत असताना मोजलेला आकडा निरुपयोगी असतो. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक आणि दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा त्याहून अधिक श्वास, ही जागतिक आरोग्य संघटनेची ‘जलद श्वासा’ची मर्यादा आहे. तुमच्या मुलीचा आकडा पुन्हा पुन्हा ५०च्या वर येत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. तो ६०च्या वर गेला, तर सायंकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. ७०च्या वर गेला, तर सरळ रुग्णालय गाठा.

आकड्याइतकेच महत्त्व श्वासाला पडणाऱ्या कष्टाला आहे. श्वास आत घेताना शेवटच्या बरगडीखालचा भाग फुगण्याऐवजी आत ओढला जातो का, बरगड्यांच्या मधल्या खाचा दिसतात का, गळ्याखालचा खळगा खोल होतो का, नाकपुड्या फुलतात का, हे पाहा. आपल्याकडे पसली चालणे म्हणतात ते हेच. नाक चोंदल्यामुळे होणारा खुर्र-खुर्र आवाज मात्र कष्टाचे लक्षण नव्हे. नाकात सलाइनचे थेंब टाकून नाक मोकळे केल्यावर, दहा मिनिटांनी पुन्हा पाहिले की अर्ध्याअधिक घरांतली घबराट ओसरते. नाक मोकळे करूनही बरगड्यांखाली खोल ओढ दिसत असेल, तर सासूबाई बरोबर आहेत आणि त्यांचे ऐकून लगेच निघावे.

दुधाबद्दल तुम्ही एका वाक्यात लिहिले आहे, पण तुमच्या पत्रातले ते सर्वांत मोलाचे वाक्य आहे. ज्या बाळाला श्वास पुरत नाही, ते स्तन तोंडात घेते, तीन-चार वेळा चोखते, सोडते, धापा टाकते, पुन्हा घेते, आणि अखेर दमून तोंड फिरवते. खोकल्याच्या आवाजावरून आजार मोजण्यापेक्षा दुधावरून मोजावा, असे मी आयांना नेहमी सांगते. नेहमीच्या मानाने दूध निम्म्या ते पाऊण प्रमाणावर आले, तर डॉक्टरांनी पुन्हा पाहायला हवे. निम्म्याच्याही खाली गेले किंवा बारा तासांत एकही लंगोट ओला झाला नाही, तर थांबण्यासारखी परिस्थिती राहिलेली नसते. तोवर तिला थोडे थोडे आणि वारंवार पाजा, पाजण्याआधी नाक मोकळे करा, आणि रात्री एका कागदावर पाजल्याच्या व लंगोट बदलल्याच्या वेळा लिहून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर थकलेल्या आईला हे आठवत नाही आणि आमचा निम्मा निर्णय त्यावरच अवलंबून असतो.

श्वास मध्येच थांबणे, ओठ किंवा जीभ निळसर अथवा राखाडी दिसणे, प्रत्येक श्वासासोबत कण्हल्यासारखा आवाज येणे, श्वासाबरोबर डोके वरखाली होणे, बाळ एकदम मलूल पडणे किंवा उठवूनही नीट न जागणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर वेळ मोजत बसू नका. १०८ला फोन करा किंवा हाताशी असेल त्या वाहनाने निघा. आणखी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. धाप लागलेले बाळ अचानक शांत झाले आणि श्वास मंदावले, तर ते बरे वाटल्याचे लक्षण असेलच असे नाही. थकून गेलेले बाळही असेच शांत होते. बरे होत असलेले बाळ दूध मागते, डोळे उघडून तुमच्याकडे पाहते.

प्रश्न : आमचा मुलगा ३२ आठवड्यांत जन्मला आणि काही दिवस नवजात अतिदक्षता विभागात ऑक्सिजनवर होता. आता तो दहा आठवड्यांचा आहे. तपासणीत हृदयाला एक बारीक छिद्र आढळले होते; औषध काही नाही. काल रात्रीपासून त्याला सर्दी आहे. खोकला नाही, धाप नाही. आम्ही महूला राहतो. एवढ्या सर्दीसाठी इंदूरला नेणे आवश्यक आहे का?
एक वडील

उत्तर : होय, आजच दाखवा. इंदूरपर्यंत न्यायचे की महूतच बालरोगतज्ज्ञांना दाखवायचे, हे त्यांच्या तपासणीवरून ठरेल, पण ‘नुसती सर्दी’ म्हणून घरी थांबू नका.

कारण असे की, अगदी लहान आणि मुदतपूर्व बाळांत हा आजार कधीकधी धापेने नव्हे, तर श्वास थांबण्याने प्रकट होतो. खोकला सुरू होण्यापूर्वीच बाळ काही सेकंद श्वास घेत नाही, फिके किंवा निळे पडते. पूर्ण दिवसांच्या बाळात हा धोका मुख्यतः पहिल्या महिन्यात असतो. मुदतपूर्व बाळात मात्र गर्भातले आठवडे आणि जन्मानंतरचे आठवडे यांची बेरीज ४८ होईपर्यंत तो मानला जातो. तुमच्या मुलाची बेरीज ३२ आणि १० मिळून ४२ येते. म्हणजे तो अजून त्या मुदतीच्या आत आहे. यापूर्वी कधी श्वास थांबल्याची नोंद असेल, तर ती डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

हृदयातल्या छिद्राविषयी थोडा दिलासा देता येईल. ज्या छिद्रामुळे फुप्फुसांकडे जास्त रक्त जाते, बाळ पाजताना घामाघूम होते, वजन वाढत नाही आणि औषधे चालू असतात, ते छिद्र या आजारात धोका वाढवते. औषधाची गरज नसलेल्या लहान छिद्राने सहसा तसे होत नाही. तरी एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल सोबत न्या. ३२ आठवड्यांच्या आत झालेला जन्म, दीर्घकाळ ऑक्सिजन लागल्याने झालेला फुप्फुसांचा जुनाट आजार, स्नायूंचे किंवा मज्जासंस्थेचे विकार, प्रतिकारशक्तीचे जन्मजात दोष आणि डाउन सिंड्रोम, यांपैकी काहीही असल्यास लक्षणे सौम्य असतानाच दाखवण्याचा उंबरठा खाली आणावा.

अंतराचाही विचार वैद्यकीय निर्णयात होतो आणि व्हायलाच हवा. राजवाड्याजवळ राहणारे कुटुंब रात्री दोन वाजता काही मिनिटांत चाचा नेहरू बाल चिकित्सालयात पोहोचू शकते. महूहून, धुक्याच्या रात्री, वाहन शोधून निघायचे असेल तर गोष्ट निराळी. घरात वाहन आहे का, रात्री जागे राहून बाळाकडे पाहणारे दुसरे माणूस आहे का, हे तुम्हाला कोणी विचारले नाही तर तुम्ही आपणहून सांगा. दोन बाळांची छाती अगदी सारखी वाजत असली, तरी एकाला घरी पाठवणे आणि दुसऱ्याला एक रात्र देखरेखीखाली ठेवणे, हे दोन्ही निर्णय योग्य असू शकतात.

प्रश्न : माझ्या सहा महिन्यांच्या नातवाला हाच आजार झाला. डॉक्टरांनी ना एक्स-रे काढला, ना अँटिबायोटिक दिले, ना मशीनची वाफ दिली. शेजारच्या बाळाला हे सगळे मिळाले. आमच्याकडे दुर्लक्ष तर झाले नाही? घरात मोठ्या मुलांसाठी आणलेले खोकल्याचे औषध आहे. ते थोडे द्यावे का, की आल्याचा रस मधातून चाटवावा?
एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, दुर्लक्ष झाले असे पत्रावरून तरी दिसत नाही. या आजाराचे निदान कानाने आणि डोळ्यांनी होते. एक्स-रे सरसकट काढला, तर त्यात दिसणारे बारीकसारीक डाग न्यूमोनियासारखे भासतात आणि विनाकारण अँटिबायोटिक सुरू होते. विषाणूवर तर त्याचा काही परिणाम होत नाही. ३९ अंश सेल्सियसच्या वर ताप आणि छातीच्या एकाच भागात ऐकू येणारे आवाज, असे काही असेल तर न्यूमोनियाचा विचार करावा लागतो आणि मग चित्र बदलते. दम्यासाठी देतात त्या औषधाची वाफ आणि स्टिरॉइड यांचा ब्राँकिओलायटिसमध्ये सर्वसाधारणपणे उपयोग होत नाही, असे अमेरिकेतील आणि ब्रिटनमधील बालरोगविषयक मार्गदर्शक सूचना अनुक्रमे २०१४ आणि २०१५ पासून सांगत आल्या आहेत. रुग्णालयातही मुख्य उपचार म्हणजे गरज असल्यास ऑक्सिजन, नाक मोकळे करणे आणि नळीवाटे दूध किंवा शिरेतून द्रव हाच असतो. थोड्या बाळांना दाबाने हवा देणाऱ्या यंत्राची गरज पडते. शेजारच्या बाळाला काय आणि का दिले, हे त्याला न तपासता मी सांगू शकत नाही.

खोकल्याचे औषध मात्र मुळीच देऊ नका. २०२५ साली आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन कितीतरी लहान मुले दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारांसाठी नागपूरला हलवले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे बजावले. आणि हे केवळ भेसळीपुरते नाही. शुद्ध औषधही या वयात गुंगी आणते, आणि जे बाळ जागे राहून, कष्टाने श्वास घेत आहे, त्याला गुंगी आणणे हे सरळ सरळ धोक्याचे आहे.

मध एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. नाकात तेल सोडणे, छातीला कापूर असलेला बाम चोळणे, ओव्याची धुरी आणि बंद खोलीतली शेगडी यांपैकी प्रत्येक गोष्ट प्रेमापोटी केली जाते हे मी जाणते. पण तेल फुप्फुसात उतरते आणि धूर आधीच सुजलेल्या नलिकांना आणखी सुजवतो. तुमच्या हातून होण्यासारखे खरे काम आहे ते असे : रात्री दोन तास सुनेला झोपू द्या आणि नातवाचा श्वास तुम्ही पाहा. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळेल. दूध आणि हसू पूर्ववत झाले असेल, तर त्या खोकल्याला भिऊ नका.

प्रश्न : करोनाच्या वेळी घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरी आहे. चार महिन्यांच्या बाळाला लावला तर कधी ९७, कधी ८८ दाखवतो. कोणता आकडा खरा मानावा?
एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : कोणताही नाही. मोठ्यांच्या बोटासाठी बनवलेला चिमटा बाळाच्या इवल्या बोटावर नीट बसत नाही आणि बाळ हलले की आकडा घसरतो. दवाखान्यात तळपायाला गुंडाळायची पट्टी वापरतात आणि आकड्यासोबत दिसणारी लाट स्थिर आहे ना, हे पाहूनच तो वाचतात. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहा आठवड्यांवरील, अन्यथा निरोगी बाळात ऑक्सिजन सातत्याने ९० टक्क्यांच्या खाली, आणि त्याहून लहान किंवा आधीची व्याधी असलेल्या बाळात ९२ टक्क्यांच्या खाली राहिला, तर दाखल करावे. ही मर्यादा दवाखान्यातल्या उपकरणासाठी आहे. मला काळजी ८८पेक्षा ९७ची वाटते. बरगड्या ओढल्या जात आहेत, दूध सुटले आहे, पण यंत्र ९७ दाखवते म्हणून घरचे लोक निर्धास्त राहतात. बाळ पुष्कळ कष्ट करून काही काळ ऑक्सिजन टिकवून धरू शकते, आणि ते कष्ट या यंत्राला दिसत नाहीत. तुमच्या बाळाला खोकला किंवा धाप असेल, तर ऑक्सिमीटर कपाटात ठेवा आणि पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे श्वास मोजा.

प्रश्न : संक्रांतीनंतर बाळाचे बोरन्हाण करायचे आहे. तेव्हा ते पाच महिन्यांचे असेल. सर्व नातेवाईक येणार. या आजाराच्या भीतीने सोहळा रद्द करावा का? यावर लस आहे का?
एक मावशी, इंदूर

उत्तर : रद्द करण्याची गरज नाही. आरएसव्ही हातांवरून आणि वस्तूंवरून पसरतो; टणक पृष्ठभागांवर तो काही तास टिकतो. आलेल्या प्रत्येकाने साबणाने हात धुऊनच बाळाला घ्यावे, चेहऱ्याचे पापे घेऊ नयेत, आणि ज्याला सर्दी आहे त्याने, मग तो सख्खा मामा असला तरी, दुरून आशीर्वाद द्यावा. मोठ्या माणसाची किरकोळ सर्दी हाच बाळाकडे येणारा नेहमीचा रस्ता आहे. बिडी-सिगारेटचा धूर घरात नको. बाहेर ओढून आलेल्याच्या कपड्यांनाही तो असतो. अंगावरचे दूध चालू ठेवा. बोरे, हरभरे, चुरमुरे बाळाच्या मागून हळूच टाकावेत आणि नंतर सतरंजी झाडून काढावी, कारण पाच महिन्यांचे बाळ हाती लागेल ते तोंडात घालते.

लसीबाबत सांगायचे तर, गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईला देण्याची आरएसव्हीची लस आणि जन्मानंतर बाळाला एकदाच टोचायची निर्सेविमॅब ही तयार प्रतिपिंडे, हे दोन मार्ग गेल्या काही वर्षांत निघाले. २०२३ साली अमेरिकेत दोन्हींना मंजुरी मिळाली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यांची शिफारस केली. यांपैकी काय मिळू शकेल आणि तुमच्या बाळाला ते लागेल का, हे नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. बाळ मुदतपूर्व असेल किंवा हृदयाचा विकार असेल, तर थंडी सुरू होण्याआधीच विचारा.

तारखेपुरते एवढेच, की बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येते. ठरलेल्या दिवशी घरातले मोठे मूल खोकत असेल, तर खुशाल आठ दिवसांनी करा.